हात पुरेल तिथवर

मुंबईतल्या जुन्या खोल्यांत दाराच्या मागे एक काठी उभी असते. चार-पाच फुटांची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. दिवसभर तिच्याकडे कुणी बघत नाही. धुणं झालं की ती बाहेर येते. पिळलेली साडी तिच्या टोकावर चढते, छताजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या दांडीवर जाऊन बसते आणि मग त्याच काठीने सुरकुत्या सोडवत, टोकं सारखी करत पसरली जाते. सराव असलेल्या बाईला यासाठी मान फार वर करावी लागत नाही. खाली कुणी अभ्यास करत असतं, कुणी जेवत असतं आणि वर सगळ्या घराचे कपडे वाळत असतात. पावसाळ्यात तर चार महिने ते दुसरं छतच.

पुढे काठीची जागा कप्प्यांनी घेतली. आता छताला सहा नळ्या टांगलेल्या असतात आणि दोऱ्या भिंतीवरच्या खिट्टीला गुंडाळलेल्या. एक दोरी सोडली की एक नळी खाली येते. इमारतींना लिफ्ट आली, फरशीच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या, पण हिशेब तोच राहिला. घर विकत घेताना जमीन मोजतात. चौरस फूट या मापात उंची येतच नाही, म्हणजे डोक्यावरची हवा एका अर्थी फुकट मिळते. लहान घरांत राहणाऱ्यांनी हे वास्तुशास्त्राच्या कुठल्याही पदवीशिवाय फार आधी ओळखलं होतं.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने बांधलेल्या या २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून जाणारा लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं. खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे साधारण दहा फूट बाय सोळा फूट. कोपऱ्यात मोरी. एवढ्या जागेत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत माणसं राहिली, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, दहावी-बारावीचे अभ्यास झाले.

हे जमलं कसं, याचं उत्तर फर्निचरमध्ये शोधलं तर फारसं हाती लागत नाही. एक लोखंडी कपाट, एक खाट, भांड्यांची मांडणी, पाण्याचं पिंप, देव्हारा, भिंतीला दोन फळ्या. खरी वाटणी होती ती घड्याळाची. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा खोली म्हणजे पाणवठा. सात वाजता न्हाणीघर, नऊला जेवणघर, दुपारी माजघर, संध्याकाळी शाळा, रात्री दहानंतर शयनगृह. मोठ्या घरात ज्या खोल्या एकीशेजारी एक असतात, त्या इथे एकीमागून एक येत. आणि प्रत्येक खोली यायची तर आधीची आवरावी लागे. सकाळी वळकट्या बांधून खाटेखाली किंवा ट्रंकांवर गेल्या नाहीत, तर जेवणघर सुरूच होऊ शकत नसे. गाद्यांची चळत रचून तिच्यावर एक धुतलेली चादर टाकली की दिवसा तिला टेकून बसता येई.

गिरगावातल्या लाकडी चाळींची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बोळाऐवजी गॅलरी, आणि कित्येक खोल्यांची छतं पुरेशी उंच. त्यामुळे पोटमाळा निघे. अर्ध्या खोलीवर लाकडी तक्तपोशी टाकायची, एक अरुंद शिडी लावायची, खाली स्वयंपाक आणि वर झोपणं. वर ताठ उभं राहता येईलच असं नाही. कमरेत वाकून वावरायची सवय होई. खालच्या फोडणीचा धूर वर जाई आणि वरच्या पावलांची धूळ खालच्या आमटीत पडू नये म्हणून फळ्यांच्या फटींवर कागद चिकटवले जात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला अभ्यासाला माळा मिळे. घरात सून आली की त्याला तिथून उतरावं लागे. नव्या जोडप्याला एकांत कुठून आणायचा, हा प्रश्न इतका सर्वांच्या ओळखीचा होता, की राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा १९७०चा चित्रपट त्यावरच उभा राहिला, आणि दोन वर्षांत बासू चटर्जींनी तो हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून केला.

याहूनही कमी जागेत माणसं राहिली. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार एका खोलीत दहा-वीस जण मिळून राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे सगळे एका वेळी खोलीत नसत. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा आडवा होई. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीतली एक खुंटी आणि एक पत्र्याची ट्रंक. जेवण खानावळीत. धोबी तलाव, माझगाव, गिरगाव भागातले गोंयकारांचे कूड याच जातीचे. गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेली ही निवासस्थानं. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथे उतरे. एका भिंतीशी वेदी, बाकीच्या भिंतींना लागून ओळीने पेट्या आणि रात्री मधल्या मोकळ्या जमिनीवर चटया. पेटी म्हणजेच त्याचं कपाट, बसायचं बाक आणि पत्र लिहायचं मेज. धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीत असे कूड अजून पाहायला मिळतात.

खुंटी आणि पेटीवर भागतं ते माणसाकडे वस्तू थोड्या असतात म्हणून. वस्तू वाढल्या की सगळं गणित बदलतं. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे दोन दशकं राहिले. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. एकीत संसार आणि दुसरीत पुस्तकं, वाचन, भेटीला येणारी माणसं. पण पुस्तकांना माळ्यावर टाकून चालत नाही, ती हाताशी लागतात. शेवटी १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं ते मुख्यतः ग्रंथसंग्रह मनात धरून. सामानासाठी माणसाने घर बदलावं याचं इतकं देखणं उदाहरण दुसरं नाही. एरवी सामानासाठी घर बदलतं तेव्हा त्यात बहुधा जुने पंखे, टीव्हीचे रिकामे खोके आणि न लागणाऱ्या बॅगा असतात.

लहान घराची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. खेड्यातल्या घरांत कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे, तळाशी सगळ्यांत मोठं आणि वर लहान होत गेलेलं. शिंकाळ्यात दूध-दही टांगलेलं, मांजराच्या आणि मुंग्यांच्या वाटेतून दूर. भिंतीच्या जाडीत कोनाडे आणि फडताळं. भिंत दोन फूट जाड असली की कपाट तिच्या पोटातच मावतं, खोलीतली जागा खात नाही. शहरातल्या नऊ इंची, सहा इंची भिंतींनी हे सगळं संपवलं आणि त्या जागी स्टीलची मांडणी आली. तिच्यात ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले दांड्यांवर, चमचे टोपलीत. घासलेलं भांडं ओलं तसंच लावलं तरी चालतं, पाणी निथळून ओट्यावर पडतं. सगळं एका नजरेत दिसतं. पाहुणी म्हणून आलेल्या मावशीलाही गाळणं कुठे आहे ते विचारावं लागत नाही. मांडणीची खोली इनमिन दहा इंचांची, म्हणून मागे काही लपत नाही.

याच सुमारास, म्हणजे बीडीडी चाळी बांधून होत होत्या त्या काळात, जर्मनीत एक बाई स्वयंपाकघराचा नकाशा काढत होती. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्टमध्ये घरांची भयंकर टंचाई होती आणि अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या हाताखाली शहराने मोठा गृहबांधणी कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातल्या घरांसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. प्रेरणा होती आगगाडीच्या भोजनडब्यातल्या अरुंद स्वयंपाकघराची. तिने बाईच्या हालचाली, पावलं, हाताची पोच यांचा हिशेब केला. मीठ, साखर, डाळीसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण, त्यांना ओतायला चोच. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्याने पिठात अळी होत नाही असं मानलं जाई. भिंतीतून खाली उतरणारी इस्त्रीची फळी, वरच्या पट्टीवर सरकणारा दिवा, कचरा सरळ आत लोटता येईल असा खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आज पुण्या-ठाण्यात ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचा वंश तिथपर्यंत जातो. हे सगळं आखण्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे लिहोत्स्की पुढे मोकळेपणी सांगत असे.

या स्वयंपाकघरात एक अडचण राहिली. ते एकाच माणसाच्या मापाचं होतं. दुसरं कुणी मदतीला आत शिरलं की दोघांची अडचण. मूल पायाशी खेळवायलाही जागा नाही. आतली बाई कामं भराभर उरके, पण एकटीच. चाळीतल्या खोलीत ओट्यापाशी बसून भाजी निवडणारी सासू, उंबऱ्यात डोकावणारी शेजारीण, कुकरच्या शिट्ट्या मोजणारा मुलगा हे सगळे एकाच हवेत असत. त्यात कटकटी होत्या आणि सोबतही होती.

पलंगाच्या बाबतीत अमेरिकेने वेगळा मार्ग काढला. सान फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फी याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतीत उभा करून मिटता येणारा पलंग बनवला. एका गायिकेला घरी बोलवायचं होतं आणि जिथे पलंग दिसतो अशा खोलीत परक्या स्त्रीने येणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. पारंपरिक जपानी घरात पलंगच नसतो. तातामी चटईवर गादी घालायची आणि सकाळी घडी करून ती सरकत्या दाराच्या खोल कपाटात ठेवायची. त्या कपाटाला मधे एकच भक्कम फळी असते, आणि दार सरकतं असल्यामुळे उघडायला पुढे जागा सोडावी लागत नाही. आपल्याकडच्या वळकटीची ही सख्खी बहीण. आपण मात्र तिला कपाट दिलं नाही, चादरीखाली झाकली.

मग सोफा-कम-बेड आला आणि त्याच्यामागून बॉक्सचा पलंग. आजच्या वन-बीएचकेचा तो राजा. गादी उचलली, प्लायवूडचं झाकण वर केलं की खाली विहीर. तिच्यात गोधड्या, पाहुण्यांच्या उशा, लग्नातले अल्बम, दिवाळीच्या माळा, बॅगेत बॅग आणि तिच्यात आणखी एक बॅग. डांबरगोळ्यांचा वास. हायड्रॉलिकचा दांडा लावून घेतला तर झाकण एका हाताने उघडतं, नाहीतर दोन माणसं लागतात. म्हणून साध्या बॉक्सच्या पलंगात गेलेली वस्तू वर्षातून दोनदा बाहेर येते, आणि कधी कधी ती आपल्याकडे आहे हे विसरून दुसरी विकत आणली जाते.

जागा वाचवण्याच्या कलेचा आजचा कळस म्हणून हाँगकाँगच्या गॅरी चँगचं घर दाखवलं जातं. ३४४ चौरस फुटांचा हा फ्लॅट. इथे तो चौदाव्या वर्षी आईवडील आणि तीन धाकट्या बहिणींबरोबर राहायला आला. रात्री त्याची झोपायची जागा बोळकांडीत. पुढे तो वास्तुविशारद झाला, तेच घर विकत घेतलं आणि मधल्या भिंती काढून टाकल्या. २००७ मध्ये त्याने छताला रूळ बसवून भिंतीच सरकत्या केल्या. टीव्हीची भिंत सरकवली की मागून स्वयंपाकघर निघतं, दुसरी सरकवली की न्हाणीघर, एक पलंग वरून खाली येतो. एकाच जागेची अशी २४ रूपं होतात. जगभरच्या मासिकांनी त्याची छायाचित्रं छापली.

ती पाहताना चाळीतल्या माणसाला हसू येईल. सकाळचं जेवणघर, रात्रीचं शयनगृह हे त्याला नवीन नाही. फरक एवढाच, की चँग त्या घरात एकटा राहतो. भिंत कधी सरकवायची हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. सहा माणसं तिथे राहत होती तेव्हा हे रूळ काय कामाचे होते? एकाला परीक्षेचा अभ्यास, दुसऱ्याला झोप, तिसऱ्याला बातम्या हव्या असताना भिंत कुणीकडे सरकवणार? तोक्योमधला नाकागिन कॅप्सूल टॉवर आठवतो. किशो कुरोकावाने १९७२ मध्ये उभारलेल्या त्या इमारतीत १४० डबे होते, प्रत्येकात एका माणसापुरता पलंग, भिंतीतच बसवलेलं कपाट, टेबल, न्हाणी. ठरावीक वर्षांनी जुना डबा काढून नवा लावायचा, अशी कल्पना होती. एकही डबा बदलला गेला नाही आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली.

मुंबईत डबा बदलत नाहीत, बाहेर वाढवतात. खिडकीला बॉक्स ग्रिल बसवली की दीड फूट हवा घरात येते. तिच्यात तुळस, लसणीची टोपली, पोछ्याची बादली, उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी. बाल्कनी ‘आत घेणं’ हा तर इथला जुना उद्योग. मध्यंतरी बिल्डरही त्यात उतरले. फ्लॉवर बेडसारख्या जागा चटईक्षेत्रात धरल्या जात नसत. म्हणून नकाशात फुलझाडांचा वाफा दाखवायचा आणि प्रत्यक्षात तो खोलीला जोडून विकायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. २०१२ च्या सुरुवातीला नियम बदलले आणि ही क्षेत्रं मोजली जाऊ लागली. तोवर कितीतरी घरांत कपाटं या वाफ्यांमध्येच बसली होती. तिथे फूल कधी उगवलं नाही, बेडशीट्स राहिल्या.

या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट नकाशात कधी दिसत नाही. जागा वाचते तेव्हा तिच्या बदल्यात कुणाचे तरी हात राबतात. वळकटी रोज बांधावी लागते. माळ्यावरची परात काढायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढणारी बहुधा तीच व्यक्ती असते जिची उंची घरात सगळ्यांत कमी. ओट्याखालच्या ट्रॉल्या देखण्या दिसतात, पण ओटा दोन फूट खोल. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली नाही तर मागच्या रांगेतला डबा महिनोन् महिने दिसत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला खालच्या ट्रॉलीपर्यंत वाकता येत नाही. मसाल्याचा गोल डबा अजून का टिकला, ते इथे कळतं. सात वाट्या, एक झाकण, एक हात. मोहरी घेताना हळद शोधावी लागत नाही.

वस्तूंनाही स्वतःचं पंचांग असतं. गणपतीचं मखर, चकलीचा सोऱ्या, आकाशकंदील, हळदीकुंकवाची अत्तरदाणी, पावसाळी बूट यांचा मुहूर्त वर्षातून एकदाच. त्यांनी वर जावं, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. गडबड होते ती रोजची वस्तू वर आणि वर्षाची वस्तू हाताशी राहते तेव्हा. सासूबाईंनी दिलेली पितळेची भांडी शोभेच्या काचेच्या कपाटात डोळ्यांसमोर बसतात आणि रोजचा कुकर वाकून, आतल्या अंधारातून काढावा लागतो.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घरही २२५ वरून २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर गेलं. क्षेत्रफळ वाढतंय. उंचीचं मात्र तसं नाही. राहत्या खोलीसाठी नियमाने किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते आणि बहुतेक नव्या इमारती त्याच्या आसपासच थांबतात. नऊ फुटांत पोटमाळा निघत नाही. जिथे पूर्वी मुलगा अभ्यास करायचा, तिथे आता दीड फूट उंचीचा लॉफ्ट निघतो आणि त्यात फक्त सामान राहतं.

अशा नव्या घरात लवकरच सुतार येईल, टेप लावेल, भिंतीची लांबी-उंची वहीत उतरवून घेईल आणि छतापर्यंत कपाटं सुचवील. त्याला नाही म्हणायचं कारण नाही. पण त्याने टेप गुंडाळण्याआधी घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाला ओट्यापाशी उभं करावं, टाचा न उचलता त्याचा हात कुठवर पोचतो ते बघावं आणि तिथे पेन्सिलीने एक रेघ मारून घ्यावी. पाच फुटी बाईच्या बाबतीत ती सहा फुटांच्या थोडी अलीकडे-पलीकडे येते. डाळ-तांदूळ, औषधं, रोजची पातेली या रेघेच्या खाली बसतील असं सुताराला सांगावं. मखर आणि बॅगांसाठी वर हवी तेवढी जागा आहे.